मध : पिळलेला, निथळलेला आणि फिरवून काढलेला

मध ही वस्तु आपल्या घरांत दोन ठिकाणीं हटकून सांपडते; एक देवघराच्या फडताळांत आणि दुसरी औषधांच्या पेटींत. पंचामृतांत तो दूध, दहीं, तूप व साखर यांच्या पंक्तीस बसतो. मधुपर्कांत वराच्या स्वागतास येतो. आणि वैद्यबुवांनीं दिलेली मात्रा तर त्याच्यावांचून घशाखालीं उतरतच नाहीं. ज्या घरांत दुधांत पाणी किती आणि तूप कोणत्या लोण्याचें याची गृहिणी बारकाईनें चौकशी करते, त्याच घरांत मधाच्या बाटलीविषयीं मात्र “खरा आहे ना?” एवढाच एक प्रश्न विचारला जातो. याहूनहि महत्त्वाचा असा दुसरा एक प्रश्न आहे; तो हा कीं, हा मध पोळ्यांतून काढला कसा? मध माश्या करतात हें खरें. परंतु पोळ्यापासून बाटलीपर्यंतचा त्याचा प्रवास माणसाच्या हातून होतो. मध निर्मळ राहणार कीं गढूळ होणार, आणि मागें राहिलेलें मोहोळ जगणार कीं मरणार, या दोन्ही गोष्टी त्या प्रवासांत ठरतात. म्हणून मध काढण्याच्या निरनिराळ्या रीतींची तुलना करून त्यांचे गुणदोष वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पोळ्याची घडण

पोळें हें केवळ मधाचें कोठार नव्हे. माश्यांचें कोठीघर आणि बाळंतिणीची खोली हीं दोन्ही तेथें एकाच छपराखालीं नांदतात. वरच्या भागांत मध, त्याच्या खालीं परागांचा पट्टा, आणि त्याखालीं राणी माशीनें घातलेलीं अंडीं, अळ्या व कोश अशी सर्वसाधारण मांडणी असते. अंडीं, अळ्या व कोश या सर्वांस मिळून मधपाळ लोक ‘पिलावा’ म्हणतात. फुलांतून आणलेला रस प्रथम पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो पुनःपुन्हां तोंडांतून फिरवितात, पंखांनीं वारा घालतात, आणि त्यांतील पाण्याचा अंश सुमारें एकपंचमांशावर आला म्हणजे त्या घरावर मेणाचें पातळ झांकण बसवितात. मध तयार झाल्याची ती माश्यांनींच उमटविलेली मोहोर होय.

हीं षट्कोणी घरें ज्या मेणाचीं असतात, त्याच्या भिंतीची जाडी एका मिलीमीटरच्या दहाव्या भागाहूनहि कमी असते. हें मेण बाहेरून आणलेलें नसतें. तें कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतें, आणि तें पाझरण्यासाठीं तिला मधच खावा लागतो. एक किलो मेण तयार होण्यास सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो असा अंदाज आहे. हा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील बहुतेक हिशेब याच आंकड्यावर उभा आहे.

पिळून काढण्याची रीत

आपल्या देशांत सर्वांत जुनी व अजूनहि पुष्कळ ठिकाणीं चालणारी रीत म्हणजे सबंध मोहोळ कापून तें हातानें पिळण्याची. डोंगरकड्यांवर व उंच वृक्षांवर आग्या माशीचीं मोठमोठीं मोहोळें लोंबत असतात. रात्रीं पेटती मशाल लावून माश्या उठवावयाच्या, हजारों माश्या आगींत होरपळावयाच्या, आणि मग पोळें मुळापासून कापून टोपलींत टाकावयाचें. पिळतांना वरचा मध व खालचा पिलावा यांत भेद कोण करतो? मधाबरोबर अळ्यांच्या अंगांतील रस, पराग, काजळी आणि मेणाचा चुरा हीं सर्व भांड्यांत उतरतात. मागाहून फडक्यांतून गाळलें तरी चोथा तेवढा वर राहतो. जें रसरूप होऊन मिसळलें तें मिसळलेंच.

असा मध टिकत नाहीं. मधाचें टिकाऊपण त्यांतील साखरेच्या दाटपणावर अवलंबून असतें. पाण्याचा अंश वाढला कीं मधांत स्वभावतःच असलेले किण्वाचे जंतु जागे होतात, फेंस येतो, आंबूस वास सुटतो, आणि एखादे दिवशीं बाटलीचें झांकण आपोआप वर उचललें जातें. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें मधांतील पाण्याची मर्यादा शेंकडा २० ठरविली आहे. पिलाव्याच्या रसानें व अर्धकच्च्या मधानें भरलेल्या भांड्यांत ही मर्यादा पाळली जाणें कठीण.

याहून गंभीर हानि ती मोहोळाची. पिलावा गेला म्हणजे मोहोळाची पुढची पिढीच गेली. आणि राणी माशी मशालींत सांपडली तर मग उरलेल्या माश्यांना भवितव्यच राहत नाहीं. जैन आचारांत मद्य व मांस यांच्या जोडीला मधहि वर्ज्य सांगितला आहे. पिळून मध काढण्याची रीत एकदां डोळ्यांनीं पाहिली, म्हणजे या निषेधामागील जीवदया कोणालाहि पटल्यावांचून राहणार नाहीं. ज्या मधानें आपण देवाला स्नान घालतों, त्यांत अळ्यांचा रस असावा ही गोष्ट आपल्या घरांतहि कोणाला रुचेल?

निथळणें, वितळविणें आणि दाबणें

दुसरी रीत निथळण्याची. यांत पोळ्याचा फक्त वरचा, मेणानें झांकलेल्या मधाचा भाग कापून घेतात. स्वच्छ सुरीनें त्याचे बारीक तुकडे करतात, ते पातेल्यावर ताणून बांधलेल्या मलमलीवर अगर चाळणीवर ठेवतात, आणि वरून झांकण घालून उबदार खोलींत निवांत राहूं देतात. मध आपल्याच भारानें खालीं गळतो. येथें उतावळेपणा करून फडकें पिळूं नये; पिळलें कीं मेणाचा चुरा व पराग खालीं उतरून मध गढूळ होतो. ही रीत बिनखर्चाची आहे, आणि तिनें निघणारा मध सुरेख असतो. ज्याच्या परसांत एकच मधपेटी आहे, त्यानें प्रथम हीच पत्करावी. दोष इतकाच कीं, पोळें मोडलें जातें, आणि माश्यांना तें पुन्हां पहिल्यापासून बांधावें लागतें. मेण मात्र फुकट जात नाहीं. तें धुऊन, वितळवून निराळ्या कामीं लावतां येतें.

कांहीं लोक वेळ वांचविण्यासाठीं पोळ्याचे तुकडे विस्तवावर ठेवतात. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळून वर तरंगतें, थिजल्यावर त्याची भाकरीसारखी चकती उचलून घेतां येते, आणि खालीं मध मिळतो. दिसावयास युक्ति नामी. परंतु मधाचें त्यांत भरून न येणारें नुकसान होतें. फुलांचा सुवास उडतो, रंग काळवंडतो, माश्यांनीं मिसळलेलीं पाचक द्रव्यें निकामी होतात, आणि साखरेपासून हायड्रॉक्सिमेथिल फरफ्युरल नांवाचा पदार्थ वाढूं लागतो. मध तापविला गेला आहे किंवा फार जुना झाला आहे हें ओळखण्याची ती एक खूणच मानतात, आणि आपल्याकडील मानकांत त्याची कमाल मर्यादा किलोस ८० मिलिग्रॅम धरलेली आहे. आयुर्वेदाच्या आचार्यांनींहि तापविलेल्या मधाचा निषेध केला आहे. त्यांची कारणमीमांसा निराळी असली, तरी मधाला विस्तवापासून दूर ठेवावें या आचाराशीं आजचें शास्त्रहि सहमत आहे.

तिसरी रीत दाबण्याची. लाकडी अगर लोखंडी दाबयंत्रांत फडक्यांत गुंडाळलेलें पोळें ठेवून स्क्रू फिरवीत हळूहळू दाब द्यावयाचा. यानें मध पुष्कळ निघतो, परंतु त्यांत परागाचा अंश अधिक येतो, आणि पोळें तर अर्थातच नष्ट होतें. तथापि कांहीं मधांना दाबयंत्रावांचून सहसा गति नसते. स्कॉटलंडच्या माळरानांवर हेदर नांवाचें झुडूप फुलतें. त्याचा मध घरांत खरवसासारखा थिजून बसतो, आणि ढवळल्याशिवाय पातळ होत नाहीं. म्हणून तिकडे तो दाबून काढण्याची चाल पडली. गमतीची गोष्ट अशी कीं, आपल्या सह्याद्रीवर सात-आठ वर्षांनीं एकदांच बहरणाऱ्या कारवीच्या मधांतहि हाच गुण आढळला आहे. यावरून सर्व फुलांच्या मधाला एकच रीत लागू पडत नाहीं, हें ध्यानांत येईल.

फिरवून काढण्याचें यंत्र

पोळें न मोडतां मध काढतां येईल काय? या प्रश्नाचें उत्तर एकोणिसाव्या शतकांत मिळालें. मात्र तें एकाच माणसानें दिलेलें नाहीं. अमेरिकेंतील लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाच्या १८५१ सालीं लक्षांत आलें कीं, दोन पोळ्यांमध्यें व पेटीच्या भिंतींशीं एक ठराविक अंतर राखलें, तर माश्या तें मेणानें सांधीत नाहींत. त्या अंतराच्या आधारें त्यानें सुट्या चौकटींची पेटी बनविली, आणि १८५२ सालीं तिचें पेटंट घेतलें. पूर्वीं भिंतीला चिकटलेलें पोळें कापावेंच लागे. आतां तें पुस्तकाच्या पानासारखें उचलून पाहतां येऊं लागलें. १८५७ सालीं जर्मनीच्या योहानेस मेरिंग यानें मेणाच्या पत्र्यावर षट्कोणी ठसे उमटविले, आणि माश्यांना पोळ्याचा पाया आयता मिळाला. शेवटीं १८६५ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील निवृत्त मेजर फ्रान्झ फॉन ह्रुश्का यानें ब्रनो येथें भरलेल्या मधपाळांच्या परिषदेंत मध फिरवून काढण्याची युक्ति दाखविली. हा मेजर व्हेनिसजवळ माश्या पाळून राही. त्याच्या मुलानें टोपलींत पोळें ठेवून ती गरगर फिरविली, तेव्हां मधाचे थेंब बाहेर उडालेले पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका सांगतात.

तत्त्व सोपें आहे. पाण्यानें भरलेला तांब्या दोरीस बांधून वेगानें फिरविला तर पाणी सांडत नाहीं. तें तळाकडे रेटलें जातें. तांब्याला तळच नसता तर तें पाणी बाहेर उडालें असतें. मधयंत्रांत हेंच होतें. पत्र्याच्या उभ्या पिंपांत जाळीचा पिंजरा असतो. त्यांत चौकटी उभ्या ठेवून वरचा दांडा फिरविला कीं, केंद्रोत्सारी प्रेरणेनें मध घरांतून निघून पिंपाच्या भिंतीवर आपटतो, खालीं ओघळतो, आणि तोटींतून बाहेर येतो. पोळें मात्र जसेंच्या तसें राहतें.

परंतु हें काम कुशलतेचें आहे. पोळें मधाच्याच कप्प्यांतलें घ्यावें, पिलाव्याच्या कप्प्यांतलें घेऊं नये. निदान तीनचतुर्थांश घरांवर मेणाचीं झांकणें बसलीं असावीं. माश्या मऊ कुंचल्यानें हळूच झाडून चौकटी झांकलेल्या पेटींतून बंद खोलींत न्याव्या. नाहींतर मधाच्या वासानें साऱ्या परिसरांतील माश्या लुटीला धांवतात. सुरी गरम पाण्यांत बुडवून, कोरडी पुसून, तिनें झांकणें तेवढीं तासावीं. समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी ठेवाव्या, म्हणजे यंत्र डगमगत नाहीं. प्रथम एक बाजू हलक्या हातानें अर्धीच रिकामी करावी, मग चौकट उलटून दुसरी बाजू पुरती रिकामी करावी, आणि पुन्हां उलटून पहिली संपवावी. असें न करतां आरंभींच जोर लावला, तर आंतल्या बाजूच्या मधाचा भार पोळ्यावर पडून तें मधोमध फुटतें. आपल्या सातेरी माशीचें नवें पोळें तर फारच नाजूक असतें. निघालेला मध गाळून एक-दोन दिवस झांकून ठेवला कीं, बुडबुडे व मेणाचा चुरा वर येतो, आणि तळाकडून नितळ मध भरून घेतां येतो.

रिकामीं पोळीं त्याच दिवशीं संध्याकाळीं पेटींत परत ठेवतात. माश्या उरलासुरला मध चाटून घेतात, भोंकें दुरुस्त करतात, आणि तींच घरें पुन्हां भरूं लागतात. येथें मघांचा आंकडा आठवावा. जो मध मेण करण्यांत खर्ची पडावयाचा तो वांचतो. आणि जांभूळ-हिरड्याचा बहर थोड्या दिवसांचा असल्यामुळें वेळ वांचतो तो निराळाच.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत फादर न्यूटन यांनीं दक्षिण भारतांत सातेरी माशीला साजेल अशी लहान पेटी प्रचारांत आणली. १९३४ सालीं वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें मधमाशीपालनास ग्रामोद्योगांत स्थान दिलें. पुण्यांत १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, आणि राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय महाबळेश्वरीं आहे. त्याच तालुक्यांतील मांघर या खेड्यास २०२२ सालीं ‘मधाचें गांव’ म्हणून मान मिळाला. सह्याद्रीच्या अशा गांवांतून मधपेटी व मधयंत्र हीं आतां परिचयाचीं झालीं आहेत.

यंत्रानें सर्व कांहीं साधलें असें मात्र समजूं नये. यंत्र रीत देतें, विवेक देत नाहीं. काम सोपें झाल्यामुळें झांकणें बसण्यापूर्वींच मध काढण्याचा मोह पडतो. असा कच्चा मध पातळ असतो, आणि मग तो कारखान्यांत तापवून आटवावा लागतो. कोणी पिलावा असलेलीं पोळींहि फिरवितात. त्यांत अळ्या मरतात, आणि पिळण्याचा दोष यंत्रांतहि शिरतो. कोणी पावसाळ्यापूर्वीं पेटी पुरती रिकामी करतात. सह्याद्रींत पावसाळा हा माश्यांचा दुष्काळ. धो-धो पावसांत त्यांना बाहेर पडतां येत नाहीं. सांठा नेला, तर सातेरी माश्या उपाशी मरतात किंवा पेटी सोडून निघून जातात. माश्यांचा वांटा त्यांना ठेवून उरलेला घेणें हा कोणत्याहि रीतीचा पहिला नियम आहे.

तोटीचें पोळें

२०१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील स्टुअर्ट व सीडर अँडरसन या पितापुत्रांनीं एक नवीनच पोळें पुढें आणलें. त्यांतील प्लास्टिकचीं घरें किल्ली फिरवितांच उभीं दुभंगतात. मध आंतल्या आंत खालीं वाहतो, आणि पेटीच्या मागील नळीवाटे थेट बरणींत येतो. झांकणें तासणें नको, यंत्र नको, पेटी उघडणेंहि नको! जगभरच्या हौशी लोकांनीं आगाऊ नोंदणी करून या योजनेस १ कोटी २० लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. युक्ति खरोखरच चतुर आहे. परंतु ती महाग आहे, आणि युरोपीय माशीच्या मानानें बेतलेली आहे. शिवाय पेटी न उघडतां मध मिळूं लागला कीं, माश्यांची विचारपूस राहून जाण्याचा संभव असतो. गाय न पाहतां दूध काढावें, तशांतलाच हा प्रकार होय.

आग्या मोहोळाचें काय?

आग्या माशी पेटींत राहत नाहीं. तिला उघड्यावर एकच विस्तीर्ण पोळें बांधण्याची संवय आहे. तेव्हां तिच्यापुढें यंत्राचा उपाय चालत नाहीं. परंतु तिच्या पोळ्याची घडणच आपल्याला वाट दाखविते. फांदीलगत वरच्या टोंकाला मधाचा जाड गड्डा असतो, आणि पिलाव्याचा पातळ पडदा त्याच्या खालीं पसरलेला असतो. अंगभर संरक्षक पोशाख घालून, जाळ न करतां नुसता धूर देऊन, जाणत्या माणसानें तो गड्डाच तेवढा कापून घेतला आणि पिलावा जागच्या जागीं ठेवला, तर माश्या परत येतात, पोळें सांधतात, आणि बहर चालूं असल्यास त्याच जागीं पुन्हां मध सांठवितात. कापलेला गड्डा पिळूं नये. चिरून, जाळीवर ठेवून निथळूं द्यावा. मशालीच्या एका रात्रींत जें मोहोळ संपावयाचें, तें असें वारंवार मध देऊं शकतें. आणि रानांत राहणाऱ्या ज्या गरीब माणसाचें पोट त्यावर चालतें, त्यालाहि अखेर हेंच हिताचें आहे. हें काम मात्र शिकल्यावांचून कोणीं करूं नये. आग्या माश्यांचा सामुदायिक दंश माणसाचे प्राण घेऊं शकतो.

गृहिणीनें काय पाहावें

बाटलीवरच्या जाहिरातीच्या मधाच्या बोटाला न भुलतां पुढील गोष्टी विचारणें बरें. मध पेटींतला कीं रानांतला? यंत्रानें काढलेला कीं पिळलेला? तापविला आहे काय? मधपाळाशीं अगर त्याच्या सहकारी संस्थेशीं प्रत्यक्ष ओळख ठेवली, तर उत्तरें सहज मिळतात. मधाला फेंस किंवा आंबूस वास येत असेल, तर तो पिळलेला, कच्चा किंवा ओल लागलेला असण्याचा संभव धरावा. तो रवाळ झाला म्हणून मात्र खोटा समजूं नये. साखर स्फटिकरूप होणें हा मधाचा स्वभावच आहे. बरणी कोमट पाण्यांत ठेवली कीं तो पुन्हां पातळ होतो. मध हवेंतील ओल शोषून घेतो, म्हणून तो कोरड्या कांचेच्या बरणींत घट्ट झांकून ठेवावा, आणि त्यांत ओला चमचा घालूं नये.

एक सूचना विशेष आग्रहानें करावीशी वाटते. जातकर्मांत नवजात बालकास सोन्यानें मध-तूप चाटविण्याची चाल आपल्या घरांतून आहे. मध कितीहि शुद्ध असो व कोणत्याहि रीतीनें काढलेला असो, त्यांत बॉट्युलिझम या रोगाच्या जंतूंचे बीजाणु असूं शकतात. मोठ्या माणसांस ते सहसा अपाय करीत नाहींत, परंतु तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत ते वाढून त्याचे स्नायु लुळे पाडतात. गाळण्यानें किंवा घरगुती तापविण्यानें ते मरत नाहींत. म्हणून मूल एक वर्षाचें पूर्ण होईपर्यंत त्यास मधाचा थेंबहि देऊं नये. बालकास आयुष्य लाभावें हाच त्या संस्काराचा हेतु आहे. तेव्हां मध देवापुढें ठेवून संस्कार केल्यानें त्या हेतूचेंच रक्षण होतें.

सर्व रीतींचा विचार करतां निष्कर्ष एकच निघतो. पेटींतला पक्व मध यंत्रानें फिरवून काढावा. यंत्र नसेल तेथें, आणि आग्या मोहोळाच्या बाबतींतहि, पिलावा राखून मध निथळावा. दाबयंत्र त्यावांचून न निघणाऱ्या मधापुरतें ठेवावें. विस्तव व मशाल दोन्ही टाळावीं. अशा मधाला चार पैसे अधिक पडतील, परंतु ते पैसे मोहोळ जिवंत ठेवण्याचे आहेत. जिवंत मोहोळ आपल्याला नुसता मधच देत नाहीं. आपल्या शेतांतल्या व परसांतल्या कित्येक फळाफुलांची धारणा त्याच माश्यांच्या फेऱ्यांवर होत असते.